जमिनीतल्या कपाटातली रताळी

लग्न होऊन वरकुट्यात आले तेव्हा शेतीतलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा समज होता. सासूबाईंना न विचारता मी रताळ्याचा अख्खा वाफा खणून काढला आणि घरभर ढीग लावला. थोड्याच दिवसांत निम्म्यांना सुरकुत्या, निम्म्यांना कोंब. सासूबाई म्हणाल्या, "अगं शहाणे, जमीन हेच आपलं कपाट. लागंल तसं काढायचं." एवढा एक धडा मी शिकले आणि जन्मभर मिरवला. त्या काळी दसरा झाला की आमच्या माळावर ढग औषधालासुद्धा दिसायचा नाही. कपाट कोरडं राहायचं ते त्यामुळं. मला वाटायचं, माझ्या अकलेमुळं.

गेल्या साली सुनेनं उसाच्या कडेचा तुकडा स्वतःसाठी मागून घेतला. माझा लेक म्हणाला, "एक वर्ष बघू. न्हाय जमलं तर तितंबी ऊस." तिनं रताळ्याचे वेल लावले. नवरात्राच्या आधी एक रताळं कापून बघितलं. चीक पांढराच वाळला, म्हणजे पक्कं झालं.

"आत्याबाई, काढू का?"

"थांब. नवरात्रात समदेच काढत्यात. कार्तिकी एकादशीला बाजारात आपलीच असतील."

"मोबाईलवर पाऊस दावतोय."

"त्या मोबाईलला काय कळतंय? कधी भिजलाय का त्यो?"

ती हसली आणि कुदळ भिंतीला टेकवून ठेवली. तिचं ते हसणं मला अजून टोचतं.

ऐन दिवाळीत पाऊस आला तो मुक्कामालाच. सऱ्या तुंबल्या. उघडीप मिळाल्यावर आम्ही दोघी खणायला गेलो. वरून रताळी टवटवीत. दाबलं की बोट आत जायचं आणि आंबूस वास यायचा. मी त्यातली बरी बरी निवडून घरी आणली, नासका भाग कापून उकडली. कडू लागली. तरी एक खाल्लं.

लेकानं विचारलं, "येळंवर का काढली न्हाईत?"

सून म्हणाली, "मीच थांबले. चुकलं माझं."

आणि मी, कुणी न विचारता साऱ्या गावाला सल्ला देणारी, खाली मान घालून तांदळातले खडे वेचत बसले. त्या दिवशी तांदळात एकही खडा नव्हता.

पुढच्या आठवड्यात लेक ट्रॅक्टर घेऊन त्या तुकड्यात उसाची सरी पाडायला गेला. मी आधीच जाऊन मधोमध फतकल मारून बसले होते.

"आये, उठ की. काय चाललंय?"

"थांबवलं मी तिला. आता तुलाबी थांबवते. आणखी एक साल दे तिला, न्हायतर घाल माझ्यावरनं."

त्यानं कपाळाला हात लावला आणि ट्रॅक्टर वळवला. बांधावर सून उभी होती. मी म्हटलं, "पुढच्या बारीला मला इचारू नगं गं."

"इचारणार की," ती मला हात देऊन उठवत म्हणाली. "तुमी थांब म्हणलात की लगेच कुदळ घेणार."