पाण्याशिवाय उकडलेली अंडी

भोंगाकाकांनी अडतीस वर्षं बॉयलर सांभाळला. शहरातल्या इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी जिथे धुतल्या जात, त्या धुलाई कारखान्याचा बॉयलर. चांगला खोलीएवढा. सकाळी सहाचा भोंगा वाजवणं हेही त्यांचंच काम, म्हणून नाव भोंगा पडलं. पुढे त्या धडधडाटात ओरडून ओरडून आवाजही तसाच झाला आणि नाव पक्कं झालं. काका कुणाच्या कानात काही सांगायला गेले तरी वरच्या मजल्यापर्यंत कळतं. त्यांना स्वतःला मात्र डाव्या कानानं कमी ऐकू येतं, आणि उजव्यानं सोयीचं तेवढंच ऐकू येतं, असं त्यांची बायको म्हणायची. तिला जाऊन आठ वर्षं झाली.

बॉयलरवाल्याच्या धंद्यात पाप एकच. खाली भट्टी पेटलेली आणि आत पाणी नाही. बाकी सगळं माफ आहे. उशिरा आलात, साहेबाशी भांडलात, डबा खाताना डुलकी लागली, चालतं. पण पाणी आटू द्यायचं नाही. कामावर आलं की आधी काचनळीत पाण्याची पातळी बघायची, मग ती वहीत लिहायची आणि मग कुणाशी नमस्कार-चमत्कार. काकांनी अडतीस वर्षं हे डोळ्यांत तेल घालून केलं आणि त्याची फुशारकी निवृत्तीनंतर बारा वर्षं मारली. दुसऱ्याच्या घरी चहाला गेले तरी आधी पातेल्यात डोकावायचे.

आणि अशा माणसाच्या हातून गेल्या महिन्यात, एका मंगळवारी, पाणी आटलं.

झालं काय, की काकांनी रोजच्यासारखी दोन अंडी पातेल्यात घालून गॅसवर ठेवली. दुपारचं जेवण कोपऱ्यावरच्या खानावळीत आणि रात्री पाव-दूध, म्हणजे स्वतःच्या हातचा स्वयंपाक असा तेवढाच. खाली रस्त्यावर पाइपलाइनचं काम चाललं होतं. एका कामगारानं चुकीच्या मापाचा पाना लावलेला काकांना दुसऱ्या मजल्यावरून दिसला. ते सूचना द्यायला खिडकीत उभे राहिले ते राहिलेच. पाऊण तास सूचना दिल्या. पाइपवाल्यांनी शेवटी हात जोडले, तेवढ्यात स्वयंपाकघरात दोन बार उडाले. काकांना त्यातला एकच ऐकू आला.

पातेल्याचं बूड काळं ठिक्कर आणि पिवळा बलक थेट छताला. गॅस बंद करून काका स्टुलावर बसले आणि बराच वेळ त्या पातेल्याकडे बघत राहिले. मग उठले, छत पुसलं, पातेलं वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या तळाशी दाबलं, आणि ठरवलं की ही गोष्ट आपल्याबरोबरच जाईल.

पण समोरच्या दारात मास्तरीणबाई राहतात. निवृत्त होण्याआधी तीस वर्षं गणित शिकवलं, वर्गात मागच्या बाकावर कुजबुज झाली तरी ओळखायच्या. त्यांना दोन्ही बार ऐकू आले. त्यांनी काकांच्या लेकीला फोन केला.

काकांची लेक गाडीच्या लायसन्सच्या चाचण्या घेते. तिनं नापास केलेली माणसं बाजारात ती दिसली तर रस्ता ओलांडून पलीकडे जातात, तेही आधी डावी-उजवीकडे बघून. ती दुसऱ्या दिवशी आली, आणि मान वर करून उभी राहिली.

"बाबा, छताला पिवळं काय लागलंय?"

"ओल आली असेल!" काका गरजले.

"पिवळी ओल?"

"हल्ली कसलीही येते!"

लेकीनं वाद घातला नाही. शनिवारी गॅसची शेगडी घरातून गेली आणि तिच्या जागी काळा, चकचकीत, मोठ्या डब्याएवढा एअर फ्रायर आला. वेळ संपली की आपोआप बंद होणारा.

"तीन आठवडे देते," लेक म्हणाली. "उद्याचा सोडून तिसऱ्या रविवारी मी येईन. माझ्यासमोर नाश्ता करून दाखवायचा. नीट जमलं तर इथेच राहा. नाही जमलं तर सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं. मग कुरकुर नको."

लेकीचं घर चौदाव्या मजल्यावर आहे. छान आहे, हवा आहे. पण सकाळी आठला सगळे बाहेर पडतात ते संध्याकाळी सातला उगवतात, आणि चौदाव्या मजल्यावरून पाना कुठल्या मापाचा लावलाय हे दिसत नाही. काकांना आपलं दार आपल्या किल्लीनं उघडायचं होतं. एवढंच हवं होतं, पण ते फार हवं होतं.

सोमवारी त्यांनी माहितीपत्रक उघडलं. चित्रासकट लिहिलं होतं, अंडी नुसतीच जाळीवर ठेवा, पाणी घालू नका. काकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. खाली विजेची भट्टी, वर भांडं, आणि आत पाण्याचा थेंब नाही! हे लिहिणाऱ्याला एक दिवस तरी आमच्या कारखान्यात पाठवायला हवा होता, असं ते भिंतीला म्हणाले. छापणाऱ्याची चूक असणार. उकडणं म्हणजे पाणी, हे काय आता कागदानं शिकवायचं?

त्यांनी जाळीच्या डब्यात अंडी ठेवली आणि ती गळ्यापर्यंत बुडतील इतकं पाणी ओतलं. खोक्याला काचनळी नव्हती, म्हणून डब्याच्या बाहेर पेन्सिलीनं पातळीची रेघ मारली. मग डबा आत ढकलला. बॉयलरचं दार ढकलायची सवय असलेल्या हातानं ढकलला. पाणी मागच्या काठावरून सांडलं, ओट्यावरून वाहत गेलं आणि तिथे ठेवलेल्या विजेच्या जोडपट्टीत, म्हणजे एक्स्टेंशन बोर्डात, शिरलं. ठिणगी उडाली, फट् झालं आणि सगळ्या मजल्याची वीज गेली.

मास्तरीणबाई अर्धे केस ओले आणि अर्धे वाळलेले अशा दारात उभ्या राहिल्या. हातात केस वाळवायचं बंद पडलेलं यंत्र होतं.

"काय केलंत?"

"पाणी घातलं."

"कशात?"

काकांनी बोट दाखवलं. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. तीस वर्षांत अनेक ढ मुलं पाहिली, पण हा नमुना वेगळा होता.

एअर फ्रायर दोन दिवस पंख्याखाली वाळवला, नवी जोडपट्टी आणली, आणि तिसऱ्या दिवशी बाईंनी शिकवणी घेतली. चार अंडी कोरड्या जाळीवर, दीडशे अंश, पंधरा मिनिटं. काका स्वयंपाकघराच्या दाराआड उभे होते. डोळे बारीक, बोटं कानात. आता उडतंय, मग उडतंय करत पंधरा मिनिटं गेली. काही उडालं नाही. बाईंनी अंडी चिमट्यानं गार पाण्यात टाकली, पाच मिनिटांनी एक सोलून अर्धं केलं. पांढरं घट्ट, पिवळं मधोमध, कसं छान धरलेलं. टरफलावर दोन-चार तपकिरी ठिपके होते तेवढेच.

काका ते अर्धं अंडं उजेडाला धरून बघत राहिले. "पण पाणी आलं कुठून?"

"अहो, अंड्याचं पाणी अंड्याच्या पोटातच असतं. ते त्यातच शिजतं. बाहेरून फक्त ऊब द्यायची."

काकांनी यावर बराच विचार केला. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे प्रत्येक अंडं हा एक छोटा बॉयलर झाला!" हे वाक्य खालच्या पाइपवाल्यांनीही ऐकलं.

त्या दिवसापासून माणूस बदलला. काकांनी जुनी कोरी वही काढली, रकाने आखले आणि नोंदी सुरू केल्या. तारीख, किती अंडी, किती अंश, किती मिनिटं, शेरा. 'चौदा मिनिटे. पिवळे मध्यभागी ओलसर. मान्य नाही.' 'सतरा मिनिटे. पिवळ्याभोवती हिरवट कडे. मास्तरीणबाईंनी खाल्ले, पण तोंड वाकडे केले.' 'फ्रिजमधून थेट काढल्यास एक मिनिट जास्त.' यंत्राची घंटी त्यांना ऐकू येत नसे. त्यावर त्यांनी तोडगा काढला, तो असा, की समोर स्टूल टाकायचं आणि पंधरा मिनिटं हलायचं नाही. रस्त्यावर कुणी उलटा पाना लावला तरी नाही. दोन आठवड्यांत त्यांनी पन्नासएक अंडी उकडली आणि सगळ्या जिन्याला खाऊ घातली. वरच्या मजल्यावरचा शिंपी तर त्यांची चाहूल लागली की आतून कडी लावू लागला.

शनिवारी मास्तरीणबाई वही चाळायला बसल्या. पहिलं पान उघडलं आणि थांबल्या.

'मंगळवार. गॅसवर दोन अंडी. जागा सोडून खिडकीत गेलो. पाणी पूर्ण आटले. अंडी फुटली. दोष माझा.' त्याखाली, 'सोमवार. यंत्रात पाणी ओतले. मजल्याची वीज गेली. दोष माझा.'

"हे पान फाडा," बाई म्हणाल्या. "वीज गेल्याचं मी तिला सांगितलेलं नाही. अंडी तुम्हाला उत्तम जमतात. उगाच कशाला?"

"लॉगबुकाचं पान फाडत नाहीत, बाई."

"मग वही कपाटात ठेवा. तिनं मागितली आहे का?"

नव्हती मागितली. काकांनी वही कपाटात ठेवली. जेवून आल्यावर काढली, संध्याकाळी पुन्हा ठेवली.

रविवारी लेक बरोबर साडेआठला आली, खुर्चीवर ताठ बसली आणि म्हणाली, "करा सुरू." नेमक्या त्याच आवाजात, ज्यानं लोकांचा पाय क्लचवरून घसरतो.

काकांनी एकेक गोष्ट मोठ्यानं बोलून केली. "वायर कोरडी! जोडपट्टी कोरडी! चार अंडी, तडा नाही! दीडशे! पंधरा!" मग ते स्टुलावर बसले. पंधरा मिनिटं बापलेक एकमेकांकडे न बघता त्या काळ्या खोक्याकडे बघत राहिले. यंत्र थांबलं, काकांनी अंडी गार पाण्यात टाकली, घड्याळ लावून पाच मिनिटं मोजली, सोलली आणि मीठ-मिरपूड घालून बशी पुढे केली.

लेकीनं एक अंडं खाल्लं. मग दुसऱ्याचा अर्धा भाग. ओठांच्या कोपऱ्यात, कितीही आवरलं तरी, हसू आलंच.

"पास, बाबा. राहा इथेच."

काकांचा जीव भांड्यात पडला. इथे गप्प बसले असते तर गोष्ट संपली होती. ते उठले, कपाटाकडे गेले आणि वही आणून तिच्यासमोर ठेवली. पहिलं पान उघडून.

"हे वाचल्याशिवाय निकाल देऊ नकोस," ते म्हणाले, आणि जन्मात पहिल्यांदा इतक्या हळू म्हणाले की तिला मान पुढे करावी लागली.

तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. "हे मला त्याच दिवशी का नाही सांगितलंत? मी चौदा मैल गाडी हाकत आले आणि तुम्ही मला ओल दाखवलीत. बाबा, अंडी फुटली याची भीती नाही वाटली मला. तुम्ही लपवलंत, त्यानं माझी पाचावर धारण बसली. आणखी काय काय लपवत असाल, हेच डोक्यात यायचं."

"लाज वाटली गं," काका म्हणाले. "अडतीस वर्षं एवढा मोठा बॉयलर सांभाळला, कधी पाणी आटू दिलं नाही. आणि दोन अंड्यांच्या पातेल्यातलं आटलं. वाटलं, आता आपण कसल्याच कामाचे राहिलो नाही. हे पोरीला कुठल्या तोंडानं सांगायचं?"

लेकीनं आपली खुर्ची त्यांच्या उजव्या कानाच्या बाजूला ओढून घेतली.

"माझ्याकडे चाचणीला येतात ना, त्यांतल्या निम्म्यांची गाडी बंद पडते. त्यासाठी मी कुणाला नापास करत नाही. बंद पडली आणि म्हणाले, पडलीच नाही, की मग करते." तिनं डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि लगेच दटावणीच्या सुरात म्हणाली, "शेगडी परत मिळणार नाही. आणि रोज नाश्ता झाला की मला फोन करायचा. कच्चं राहिलं, जळलं, छताला लागलं, जे झालं ते सांगायचं."

"आणि चांगलं झालं तर?"

"तेही सांगा. फक्त जरा हळू."

दुसऱ्या दिवशी ती कचेरीच्या पायऱ्या चढत असताना फोन वाजला. तिनं तो कानापासून हातभर लांब धरला.

"दोन अंडी!" काका म्हणाले. "एकाला तडा गेला. मी डबा जोरात ढकलला!"

पायऱ्यांवरची माणसं वळून बघू लागली. लेक तिथेच थांबली आणि म्हणाली, "असू दे बाबा. खाल्लंत ना?"

"दोन्ही खाल्ली," काका म्हणाले.