वडगावच्या मागाचे खड्डे

"१९ नोव्हेंबर १९२३, सोमवार. सकाळी थंडी. वडगावात सात घरे फिरले. पाच दारे बंद."

एवढे लिहून सत्यवतीबाईंनी टाक खाली ठेवला. रोज लिहायचे, नावागावासकट लिहायचे, ही सवय कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी लावलेली. त्याच सवयीने घात केला होता.

बारा वर्षे त्या सरकारी नर्स म्हणून प्लेगची लस टोचत विणकरांच्या गल्ल्या फिरत होत्या. मेलेला उंदीर सापडला की प्लेगच्या कचेरीत कळवायचे, असा नियम. पण कळवले की घरात ऊन यावे म्हणून कौले उतरवली जात, घर रिकामे होई, माग बंद पडे. म्हणून विणकर पाय सोडून बसतात त्या मागाच्या खड्ड्यातच उंदीर पुरून टाकीत. बायका हे फक्त सत्यवतीबाईंच्या कानात सांगत, आणि बाई गाजावाजा न करता घरभर लस टोचून येत.

नवरात्रात मुंबईहून प्लेगचा अभ्यास करणारे डॉक्टर आले. "कागदावर इथे एकही उंदीर मेलेला नाही. असं कसं?"

बाईंना राहवले नाही. त्यांनी खड्ड्यांचे सांगितले. डॉक्टरांनी पुरावा मागितला, तशी वहीच हातात दिली. "नावं मात्र बाहेर जाऊ देऊ नका."

आठवड्याने वही परत आली, सोबत आभाराची चिठ्ठी. दुसऱ्याच दिवशी कचेरीची माणसे यादी वाचत, कुदळी घेऊन गल्लीत शिरली. पहिला माग उखडला तो नागुबाईचा. बाईंना रोज विरजणाला ताक देणारी शेजारीण ती.

"माणसं तर वाचली ना?" मुंबईला परत निघालेले डॉक्टर म्हणाले. ते खोटे नव्हते.

"पण पुढच्या खेपेला मला सांगेल कोण?"

डॉक्टर गाडीची वेळ बघत होते.

आज नागुबाई उंबऱ्यात आडवी उभी होती. "उंदीर न्हाय, घूस न्हाय, नर्सबाई. आमच्यात आता काय बी मरत न्हाय."

"पोरांना टोचू तरी दे गं."

"टोचा की. आन् वहीत नाव कुणाचं लिवणार?"

दार लागले. लागता लागता आतून वास आला. बारा वर्षांनंतर मेलेल्या उंदराचा वास ओळखायला त्यांना कुणी शिकवायला नको होते.

कचेरीत जावे, तर उरलेली दोन दारेही बंद. न जावे, तर आत चार पोरे. उद्या सुई घेऊन पुन्हा त्याच उंबऱ्यावर उभे राहायचे, एवढेच हाती होते.

त्यांनी टाक उचलला. "एका घरी वास आला," असे लिहिले. घर कुणाचे, ते लिहिले नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

खाली एक ओळ घातली: "विरजणाला ताक आले नाही. दूध तसेच प्यायले."