साखर न घातलेले लाडू

बायको गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझी पोरगी पोट लहान करून घरी आली. ऑपरेशन नागपूरला झालं. डॉक्टरनं पोटाची लिंबाएवढी पिशवी केली आणि आतडं वर ओढून तिला जोडलं, असं तिनं मला सांगितलं. ऐकून माझं डोकंच फिरलं.

"धडधाकट पोट कापून घेतलं काऊन?" मी विचारलं.

"बाबा, आईची साखर माह्या अंगात आली आहे. वजन नाई उतरलं तर मी बी तिच्याच वाटेनं जाईन."

तिची आई पायाच्या जखमेनं गेली. साखरेच्या रोग्याची जखम भरत नाही. डॉक्टरनं साखर बंद सांगितली तर तिनं खरोखर बंद केली, डबा शेजारणीला देऊन टाकला, आणि मरेपर्यंत गुळाचा चहा पीत राहिली. गूळ म्हणजे साखर नव्हे, असंच आम्ही दोघं समजत होतो.

जावई घुग्घुसला खाणीत पाळी करतो. त्याच्या घरी पोरीकडे पाहायला कोणी नव्हतं, म्हणून ती माझ्याकडे राहिली. माझ्याकडेही पाहायला कोणी नव्हतं.

आम्ही तलावावर मासोळी धरणारे लोक. बायको होती तोवर मी धरायची आणि तिनं रांधायची. आता दोन्ही मलाच आलं. पोरगी बाजेवर बसून सांगायची आणि मी चुलीपाशी ऐकायचो. तेल कमी, तिखट कमी. आधी मासोळी खायची, नाहीतर अंडं, नाहीतर डाळ. त्यानंतर पोटात जागा राहिली तर चार घास भात. पाणी जेवताना नाही, नंतर थांबून. एकेक घास इतका चावायचा की माझी अख्खी थाळी संपायची आणि ती वाटीतच असायची.

भाताचं मला पटत नव्हतं. आमच्याकडे भात खाल्ला नाही म्हणजे माणूस जेवला नाही. तिची आई भाताचा ढीग करून मध्ये खळगा पाडायची, त्यात रस्सा ओतायची. आणि ही बोटाएवढा मरळीचा तुकडा खाऊन हात धुवायची. मरळ काट्याला कमी, म्हणून मी तिच्यासाठी तीच शोधायचो. उन्हाळ्यात तलावाचं पाणी आटतं, मरळ गाळात शिरते. म्हातारपणी गुडघाभर चिखलात उभं राहायला मला कोणी सांगितलं नव्हतं. पण घरी बसून तरी काय करणार होतो? घरात तिची आई नव्हती, तिचं लुगडं तेवढं दांडीवर होतं.

एकदा बाजारातून मी बिस्किटाचा पुडा आणला. दुकानदारानं सांगितलं होतं, यात साखर नाही, साखरवाल्या माणसासाठीच आहे. पुड्यावर मोठ्या अक्षरात तसं लिहिलंही होतं. मी चौथीपर्यंत शिकलेलो, मोठी अक्षरं मला येतात. पोरीनं पुडा घेतला, उलटा केला आणि मागची मुंगीएवढी अक्षरं वाचू लागली.

"पुढं लिहिलं आहे ना," मी म्हटलं.

"पुढं विकाले लिहितात, बाबा. काय टाकलं ते मागं लिहितात. जे सगळ्यात जास्त, ते पहिलं. पाहा, पहिला मैदा. मंग तेल. मंग हे लांबलचक नाव. हे साखरेच्याच नात्यातलं आहे, जास्त खाल्लं तर पोट बिघडवते. साखर नाई हे खरं. पण मैद्याची पोटात साखरच होते."

"मंग लबाड आहे म्हण ना."

"लबाड नाई. अर्धंच बोलते."

हे मला समजलं. मीही जन्मभर बाजारात टोपली मांडली आहे. वर पळसाच्या ओल्या पानावर चांगल्या मरळी ठेवायच्या, बारीकसारीक खाली. मी कोणाला खोटं सांगत नव्हतो. ज्याला पाहायचं त्यानं हात खाली घालावा. काही बाया घालायच्या. माझी बायको दुसऱ्याच्या टोपलीत हमखास घालायची. पुडा उलटा करणं म्हणजे तेच, एवढं डोक्यात बसलं आणि मी ते बिस्किट स्वतः खाऊन टाकलं. चवीला भुशासारखं होतं.

मग अखजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. आमच्याकडे अखजीला घरातल्या मेलेल्या माणसाचं पान मांडतात आणि नंतर ते घरच्यांनी खायचं असतं. बायकोची ही पहिलीच अखजी. माझी मोठी बहीण सकाळीच डबा घेऊन आली. डब्यात मोहाचे लाडू होते. मोहफुलं वाळवून, भाजून, तिळासोबत कुटलेली. बायको दरवर्षी असेच करायची, तिला ते फार आवडायचे.

"पोरीसाठी मुद्दाम केले," बहीण म्हणाली. "साखरेचा एक दाणा नाई टाकला."

"गूळ?" मी विचारलं.

"गूळ बी नाई. मले काय येडी समजतं का तू? नुसता मोह आणि तीळ."

पान मांडलं, पाणी सोडलं. बहिणीनं पानावरचा लाडू पोरीच्या हातात दिला. "खा वं. लेकीनं खाल्लं म्हणजे माईले पोचते."

पोरगी लाडवाकडे पाहत राहिली. एवढे दिवस जीभ आवरली होती तिनं. पण तो वास आईच्या हाताचा होता. तिनं लाडू खाल्ला. पूर्ण. चावायचंही विसरली.

थोड्याच वेळात तिला दरदरून घाम फुटला. छाती धडधडू लागली, हात कापू लागले, डोळ्यापुढं अंधारी आली. बाजेवर आडवी झाली. मी तिचा हात धरला तर तो थंडगार होता. असाच थंड हात मी आदल्या वर्षी धरला होता.

"मी एक दाणा नाई टाकला," बहीण रडत म्हणत होती.

पोरगी डोळे मिटूनच बोलली, "आत्या, वाळलेला मोह बोटाले काऊन चिकटते? त्याच्यात देवानंच साखर टाकली आहे. माह्या पोटातून गोड सरळ खाली उतरते. घाबरू नको. उतरते हे बी."

उतरलं. तासाभरानं ती उठून बसली आणि म्हणाली, "बाबा, भूक लागली." मी रात्रीची भिजत टाकलेली मुगाची डाळ शिजवून दिली. बहीण तोंड पाडून उंबऱ्यावर बसली होती. तिला पोरगी म्हणाली, "लाडू लय चांगला झाला होता, आत्या." तेव्हा ती हसली आणि पुन्हा रडली.

पुढच्या अखजीपर्यंत पोरगी निम्मी झाली होती. त्या वर्षी मी पानावर मरळीचा तुकडा ठेवला.

"पितराच्या पानावर मासोळी?" बहीण म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"ती जन्मभर मरळीच्या डोक्यासाठी माह्याशी भांडली. तिले चालते. आणि हिलेही चालते."

पोरीनं तो तुकडा खाल्ला, सावकाश, चावून चावून. भात मात्र मी पानावर ढीगभर वाढला होता, मध्ये खळगा पाडून, रस्सा ओतून. तो आईचा. तिला आता काही बाधत नाही.