तपासणीपुरती प्रयोगशाळा

"मॅडम, हे कप विसळून घ्या. बेसिन हाये ना तुमच्या लॅबमधी. तुमच्या आईनं लोकांची भांडीच घासली, तुम्हाला काय अवघड?"

संस्थेचे अध्यक्ष हसत हसत बोलले. नववीच्या पोरांसमोर. तपासणीचे साहेब लोक नुकतेच गाडीत बसून गेल्ते. मुख्याध्यापक सर खिडकीतून बाहेर बघायला लागले.

खरं आहे. आई परतूरला व्यापाऱ्यांच्या घरी भांडी घासायची. त्यावरच मी एम.एस्सी. झाले. लाज वाटायची गोष्ट न्हाई ती. तरी मी कप उचलले. विसळले. मागं वर्गात कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

त्या शाळेत मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवायचे. गणिताला माणूस न्हाई म्हणून गणितही. मतदार नोंदणीला मीच, ऑनलाइन माहिती भरायला मीच. प्रयोगशाळा म्हणजे एक बेसिन अन् एक रिकामं कपाट. त्याला कुलूप. आम्ल अन् आम्लारी मी घरून नेलेल्या हळदीवर, लिंबावर अन् चुन्यावर शिकवायचे. प्रशिक्षणाला गेलं की पडद्यावर व्हिडिओ. एकदा उठून विचारलं, परीक्षानळ्या कधी मिळतील? विषयाला धरून बोला, म्हणाले.

त्या दिवशी मात्र सगळं होतं. संस्थेच्याच कॉलेजातून टेम्पो भरून सामान आल्तं. सूक्ष्मदर्शकसुद्धा. मी कांद्याचा पापुद्रा काचेवर लावला. पोरं रांगेनं बघून राह्यली होती. साहेबांनी फोटो काढले, चहा घेतला, गेले.

कप ठेवून मी वळले, तर शिपाईमामा खोक्यात नळ्या भरत होते. झालं काम, टेम्पो थांबलाय, अध्यक्ष म्हणाले. रांगेत पुढं रुक्मिणी होती. ती डोळा लावणार तेवढ्यात मामांनी सूक्ष्मदर्शकाला हात घातला.

ती हळूच म्हणाली, "मॅडम, मला दिसलंच न्हाई अजून."

माझा अपमान मी गिळला होता. तिचा गिळता आला न्हाई. सूक्ष्मदर्शकावर हात ठेवून मी मामांना थांबा म्हणाले.

अध्यक्षांचं हसू गेलं. "कुणाशी बोलून राह्यल्या, कळतंय का? उद्या घरी बसाल."

"बसवा. पण शेवटच्या पोरीनं बघितल्याबिगर हे इथून हलणार न्हाई."

टेम्पोवाला हॉर्न देत होता. रुक्मिणी बराच वेळ डोळा काढेना. मंग म्हणाली, भिंतीच्या विटा रचल्यासारखं दिसतंय. तिच्यामागं एकेक करून सगळ्यांनी बघितलं.

मंग सामान गेलं. नोकरी राहिली, पण माझी बदली केली, संस्थेच्याच तीर्थपुरीकडच्या शाळेत. रोज दोन गाड्या बदलून जाते. घरी आलं की बोलायचं सुद्धा त्राण राहत न्हाई. तिथंही कपाट रिकामंच.

परवा तिथल्या मुख्याध्यापक सरांनी दहावीचे प्रात्यक्षिकाचे गुण मागितले. प्रयोग एकही झालेला न्हाई. दरवर्षी असंच चालतं, म्हणाले. मी न्हाई म्हणाले. पालकसभेत उभी राहिले अन् सांगितलं, तुमच्या लेकरांनी परीक्षानळी हातात धरलेली न्हाई. बाहेर आल्यावर सरांनी समजावलं, तुम्हाला अवघड जाईल.

जाऊ द्या. आधी सामान येईल. पोरं आपल्या हातानं प्रयोग करतील. मंग मी गुण देईन. त्याआधी एकही न्हाई.