कामी आला

भूगोलबाईंना शेवट आधी सांगितलेला खपत नसे. गल्लीतल्या कुणी धावत येऊन "बाई, दूधवाल्याची गाय मेली" असं सांगितलं, तरी त्या चष्मा कपाळावर चढवून म्हणायच्या, "परिणाम मागाहून. आधी कारण सांगा, मग काय काय घडत गेलं ते." सांगणारा बिचारा गायीने सकाळी काय खाल्लं इथपासून सुरुवात करी आणि आपण कशाला आलो होतो तेच विसरून जाई. शाळेत त्या इतिहास आणि भूगोल दोन्ही शिकवत. नाव मात्र भूगोलाचं पडलं, कारण फरशी, पाटी, पिठाचा डबा, जिथे जागा दिसेल तिथे त्या नकाशा काढत.

मी वर्ध्याहून लग्न होऊन जबलपूरला आले ते एकाहत्तर साल. नेपियर टाउनमागच्या गल्लीत आमची सात-आठ मराठी घरं होती, बाकी सगळीकडे हिंदी. माझं हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' जोडलेलं. शेजारच्या तिवारीणबाई एकदा कौतुकाने म्हणाल्या, "हमारा लड़का पढ़ाई में बड़ी चेष्टा करता है." मी सरळ सल्ला दिला, "दो थप्पड लगाव उसको." त्या आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. सासूबाईंनी कपाळाला हात लावला आणि मला भूगोलबाईंकडे पाठवलं.

बाईंनी मला व्याकरण शिकवलंच नाही. त्या फसवे शब्द शिकवत. "मराठी माणूस हिंदीत तोंडावर आपटतो तो अवघड शब्दांमुळे नाही, ओळखीच्या शब्दांमुळे," असं त्यांचं म्हणणं. चेष्टा म्हणजे प्रयत्न. शिक्षा म्हणजे शिकवणं. आपत्ति म्हणजे हरकत. "आणि राग इथे फक्त गाण्यात असतो, कुमुद. नवऱ्यावर करायचा तो गुस्सा." रोज पाच शब्द पाठ करून यायचे असा नियम होता. मी तीन करून जात असे आणि उरलेल्या दोन शब्दांच्या वेळी चहा ठेवायला उठत असे. बाईंच्या ते ध्यानात येत नसेल असं मला तेव्हा वाटायचं.

बाईंच्या समोरच्या घरात वच्छलाबाई राहत. मूळच्या भंडाऱ्याकडच्या. नवरा कारखान्यात होता, तो वारल्यावर शिवणकाम करून त्यांनी मुलाला वाढवलं. मधुकर हा त्यांचा एकुलता एक, आणि तो फौजेत. घरात बुद्धाच्या तसबिरीशेजारी त्याचा वर्दीतला फोटो होता. वच्छलाबाईंना वाचता येत नव्हतं, त्यामुळे मधूची पत्रं बाईच वाचून दाखवत आणि उत्तरंही त्याच लिहीत. उन्हाळ्यात रजेवर आला तेव्हा तो सांगून गेला होता की आमची पलटण जम्मूच्या बाजूला, छंबजवळ आहे. बाईंनी त्याच दिवशी नकाशात छंब शोधून वच्छलाबाईंचं बोट त्यावर टेकवलं होतं.

त्या वर्षभर बाई युद्धाची कारणं सांगत होत्या, तेही युद्ध सुरू व्हायच्या आधीच. पाकिस्तानात निवडणूक झाली, पूर्वेकडचे बंगाली जिंकले, पश्चिमेकडचे राज्य सोडायला तयार होईनात, मार्चमध्ये त्यांनी बंगाल्यांवर लष्कर घातलं, आणि माणसं लाखांनी सीमा ओलांडून आपल्याकडे येऊ लागली. वच्छलाबाई सुईत दोरा ओवत ऐकायच्या.

"त्याइचं भांडण त्याइनं पाहावं. माह्या मधूनं काहून जावं?"

"घर त्यांचं पेटलंय, पण माणसं आपल्या अंगणात येऊन बसली ना," बाई म्हणायच्या. "एवढ्यांना किती दिवस जेवू घालणार?"

"लेकरं असतीन त्याइच्यात. जेवू तं घालाच लागते," वच्छलाबाई म्हणायच्या आणि दोरा तोडायच्या. वाद तिथेच संपायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू व्हायचा.

डिसेंबरच्या तीन तारखेला संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या पश्चिमेकडच्या तळांवर बॉम्ब टाकले आणि लढाई जाहीर झाली. जबलपूर सीमेपासून लांब, पण दारूगोळ्याच्या कारखान्यांचं गाव. खिडक्यांना काळे कागद लागले, मोटारींच्या दिव्यांना काळा रंग फासला गेला. आमचे हे कारखान्यात बारा-बारा तास राबायला लागले आणि घरी आले की जेवता जेवता झोपत. बाईंनी आपल्या व्हरांड्याच्या फरशीवर गेरूने मोठा नकाशा काढला. पूर्व बंगाल पायरीपाशी, पंजाब आणि काश्मीर दाराशी. सकाळी शाळेला जाण्यापूर्वी आणि आल्यावर त्या रेडिओ लावत, बातम्या ऐकत आणि खडूने रेघा पुढे सरकवत. गल्लीतल्या बायका निवडणं-टिपणं घेऊन तिथेच बसायच्या. "तिवारीनजी, ज़रा खिसकिए, आप ढाके पर बैठी हैं," असं बाई गंभीरपणे सांगत.

पूर्वेकडच्या रेघा भराभर पुढे जात होत्या. जेसोर पडलं, मेघना ओलांडली, बायका टाळ्या वाजवत. बाई मात्र दाराकडच्या कोपऱ्यात बघत बसत. मी विचारलं तर म्हणाल्या, "रेडिओ काय सांगतो ते सगळेच ऐकतात. कोणत्या गावाचं नाव घेईनासा झालाय, ते ऐकायला शिक." ते गाव छंब होतं. तिथे पहिल्याच दिवसापासून पाकिस्तानी रणगाडे येऊन धडकत होते. मग एका सकाळी बातमीत आलं की आपल्या सैन्याने नवीन ठिकाणी मोर्चा बांधला आहे. बाईंनी रेडिओ बंद केला, ओल्या फडक्याने छंबपाशची रेघ पुसली आणि तवी नदीच्या या बाजूला नवी ओढली. जेमतेम दोन बोटांचं अंतर होतं.

"बाई, रेघ माघं काहून घेतली?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"नदीच्या अलीकडे आलो आपण."

"मंग मधू अलीकडं हाय का पलीकडं?"

बाईंनी फडकं पिळलं आणि पुसलेलीच जागा पुन्हा पुसायला घेतली. वच्छलाबाई उठून घरी गेल्या. त्या दिवशी त्यांच्या शिलाई मशीनचा आवाज आला नाही.

सोळा तारखेला ढाक्याला शरणागती झाली आणि दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडेही तोफा थांबल्या. चौदा दिवसांत सगळं आटोपलं होतं. गल्लीत पेढे वाटले, कारखान्यातले लोक ढोल घेऊन निघाले. वच्छलाबाईंनी पेढा हातात घेतला नाही. "पत्र येऊ द्या," एवढंच म्हणाल्या.

पत्र पाचव्या दिवशी आलं, भर दुपारी. बाई शाळेत होत्या. वच्छलाबाई थेट माझ्याकडे आल्या, पाकीट फोडलेलंसुद्धा नव्हतं. अक्षर मधूचं नव्हतं. त्याच्या पलटणीतल्या एका मित्राने हिंदीत लिहिलं होतं. मी अडखळत वाचलं: "माताजी को प्रणाम. आपका मधुकर तीन दिन मोर्चे पर डटा रहा और देश के काम आया. हम उसको कभी नहीं भूलेंगे. मुझे भी अपना बेटा समझिए."

मी मराठी करून सांगितलं, "तुमचा मधू तीन दिवस मोर्चावर टिकून राहिला आणि देशाच्या कामी आला. आम्ही त्याला विसरणार नाही. मलाही तुमचा मुलगाच समजा."

"त्यानं सोता काहून नाही लिवलं?"

"हाताला लागलं असेल काही. म्हणून मित्राकडून लिहून घेतलं असेल," मी म्हणाले. कुणी विचारलं नसताना एवढी अक्कल मी माझ्या पदरची घातली.

त्यांनी ते 'कामी आला'चं वाक्य माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग पदराने डोळे पुसले, घरी जाऊन गूळ-खोबरं किसलं आणि वाटी घेऊन घरोघर फिरल्या. "माहा मधू देशाच्या कामी आला," प्रत्येक दारात सांगत होत्या. मराठी घरांनी गूळ खाल्ला, त्यांच्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघून तिवारीणबाईंनीही खाल्ला. माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदाच चारचौघींत माझं कौतुक केलं की सून आता हिंदी वाचायला लागली.

साडेचारला बाई सायकलवरून आल्या. वच्छलाबाईंनी त्यांना दारातच गाठलं, तळहातावर गूळ ठेवला आणि पत्र पुढे केलं. आम्ही सगळ्या हसत उभ्या होतो. बाईंनी उभ्या उभ्याच वाचलं. त्यांनी गूळ खाल्ला नाही, टाकलाही नाही, मूठ मिटून घेतली. आता या पहिल्यापासून सांगायला लागतील असं मला वाटलं, पण त्या म्हणाल्या, "वच्छलाबाई, मधू गेला."

"लढताना गेला," बाई हळू म्हणाल्या.

"पण पत्रात तं कामी आला लिवलं हाय."

"हिंदीत लढाईत मरण आलं की तसंच म्हणतात, काम आया. आपल्याकडेही बखरींत तसंच लिहीत असत."

वच्छलाबाई खाली बसल्या. बाईंनी त्यांना धरलं. मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या आणि सासूबाई एक पाऊल पुढे आल्या. बाईंनी मान वर करून सांगितलं, "तिला बोलू नका. हा शब्द मी तिला शिकवलाच नाही. माझ्याकडून राहून गेला."

ते खोटं होतं. लढाई सुरू झाली त्याच आठवड्यात त्यांनी तो शब्द मला सांगितला होता. आता हा ऐकू येईल, नीट लक्षात ठेव, असंही बजावलं होतं. त्या दिवशीच्या पाच शब्दांतला तो चौथा होता. मी तोंडातून ब्र काढला नाही.

सरकारी तार भंडाऱ्याकडच्या गावच्या पत्त्यावर गेली होती, ती फिरून आठवड्याने आली. तोवर गल्लीने न्याय करून टाकला होता. एवढ्या शिकलेल्या बाई, पण पोरीला एक शब्द नीट शिकवता आला नाही. एका आईकडून मेलेल्या मुलाचा गूळ वाटवला. बायका आपली पत्रं वाचायला पोस्टमनकडे नेऊ लागल्या. बाईंच्या व्हरांड्यात कुणी बसेना. नकाशा पुसून त्यांनी फरशी धुऊन काढली.

मी दुसऱ्याच दिवशी रडत त्यांच्याकडे गेले होते, सगळं कबूल करते म्हणाले. त्यांनी मला बसवलं. "माझ्याबद्दल चार महिने बोलतील. तुझ्याबद्दल चाळीस वर्षं बोलले असते. तू इथली सून आहेस. चलो, अब रोना बंद. चहा ठेव." पण बोलणं चार महिन्यांत संपलं नाही. निवृत्त होऊन त्या नागपूरला भावाकडे निघाल्या, तेव्हाही निरोपाला जेमतेम पाचजणी आल्या. त्यांतल्या एक वच्छलाबाई. त्यांनी बाईंचे दोन्ही हात धरले ते टांगा येईपर्यंत सोडले नाहीत.

बाई वारल्याचं पोस्टकार्ड पुढे काही वर्षांनी आलं. मला ते सहन होईना. मी वच्छलाबाईंकडे गेले. त्या उन्हात बसून तूर निवडत होत्या. मी सगळं सांगून टाकलं, चौथ्या शब्दासकट.

त्यांचा हात थांबला नाही. "मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. "बाई शब्द राहू देनारी बाई होती काय?"

"मग तुम्ही मला कधी बोलल्या का नाहीत?"

"काय बोलू, पोरी. त्या दिवशी बाई घरी राहती, तं माहा मधू भर दुपारीच गेला असता. तुह्या वाचण्यानं मधू दिवस कलेपर्यंत जिता होता. लोकं त्याचं नाव घेऊन राहिले होते, अन् मी त्याचा गूळ वाटून राहिली होती."