न पाहिलेल्या प्रांताचा सत्कार

अल्जीरियाच्या पूर्व सरहद्दीवर सूक अहरास नावाचा डोंगराळ प्रांत आहे. पलीकडे ट्युनिशिया. हिवाळ्यात बर्फ पडतं, डोंगरात, ज्याच्या सालीची बाटल्यांची बुचं करतात त्या ओकची जंगलं आहेत, खाली गव्हाची शेतं. मदौरोस आणि खमीसा इथं रोमन नगरांचे अवशेष आहेत: नाट्यगृह, कमानी, तेलाचे घाणे. एवढं मी एका कोशासाठी लिहिलं, केज तालुक्यातल्या आमच्या घरात, पत्र्याखाली, चार पुस्तकं समोर ठेवून. मी स्वतः पुण्याच्या पुढे कधी गेलेलो नाही.

कोश आला तेव्हा गावातल्या कुणीतरी त्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला. मजकूर वाचला एकानंही नाही. वर कमानीचं चित्र, खाली माझं नाव. तेवढ्यावर मास्तर आफ्रिकेला जाऊन आले असं ठरलं आणि सत्कारही ठरला. आमच्याकडे सत्काराला कारण लागत नाही, पुढाऱ्याला माईक लागतो.

मी खरं सांगणार होतो. पण आबा, माझे वडील, नुकतेच ऊसतोडीवरून परतले होते आणि सकाळपासून धुतलेलं धोतर नेसून बसले होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना व्यासपीठावर खुर्ची मिळणार होती. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला आजही चीड येते.

सरपंचांनी मला फेटा बांधला, शाल घातली, सात समुद्र ओलांडले वगैरे बोलून घेतलं. टाळ्या झाल्या. मग आबा शेजारच्या खुर्चीतून माझ्याकडे वळले.

"तितं पानी कितीक लांब हाय रं? हिरीचं का नदीचं?"

पुस्तकांत नदी होती, पण ती किती लांब, हे कुठंच नव्हतं.

"जवळच हाय, आबा."

"अन् गव्हाच्या कापनीला मानसं कुठून येत्यात? उतरत्यात कुठं?"

नाट्यगृहाच्या पायऱ्यांचं मी वर्णन केलं होतं. कापणीवाल्यांबद्दल एक ओळ नव्हती. तीस वर्षं उसाच्या परक्या फडांवर पाचटाची कोपी घालून राहिलेला माणूस नव्या गावात आधी पाणी बघतो, मग झोपायची जागा. आबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांना कळलं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून एकानं विचारलं, "मास्तर, तितली हवा कशी हाय?"

मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "थंडी लई हाय. आला तवा भेगा पडल्यात्या पोराच्या पायाला. म्याच तेल लावलं."

सगळे कौतुकानं माझ्या पायांकडे बघू लागले. मी बूट आत ओढून घेतले. भेगा आबांच्या पायांना होत्या, दर हंगामात फडावरून घेऊन आलेल्या, आणि त्यांना मी कधी तेल लावलं नव्हतं.