रांगेलची खीळ

शुक्रवारी गहू उकडून चादरीवर पसरला होता. अर्धा फिरवून झाला होता, अर्धा अजून पाणी सोडत होता. हा गहू रात्रीत नीट सुकला नाही तर सकाळी साखर घातल्यावर त्याचा चिखल होतो, आणि मेलेल्यांच्या नावाने चिखल वाटायचा म्हणजे जिवंतांनी तोंड लपवायचं. म्हणून मी वाकून मूठमूठ चोळत होते. तेवढ्यात माझा नवरा स्तामात दारातूनच म्हणाला, "नेदा, यंदा एक वाटी कमी कर."

"कुणाची?"

"तुला ठाऊक आहे कुणाची."

ठाऊक होतंच. पण काही गोष्टी माणसाला त्याच्या स्वतःच्या तोंडाने बोलायला लावाव्यात.

"रांगेलची," तो म्हणाला. मग त्याने खुर्ची ओढली, वाकून तिच्या खाली पाहिलं आणि बसला.

हे खाली बघणं त्यांचं सगळ्यांचं आहे. गावाबाहेरचा लष्करी विमानतळ चालू होता तेव्हा ही माणसं हवाईदलात खुर्च्यांच्या कामाला होती. विमान पडायला लागलं की वैमानिकाला बसल्या जागेवरून आभाळात उडवते ती खुर्ची. तिच्या बुडाखाली तोफेसारखा बार भरलेला असतो. जमिनीवर असताना तो उडू नये म्हणून तिच्यात एक लोखंडी खीळ घालतात, खिळीला लाल फीत. फीत बाहेर लोंबताना दिसली की खुर्ची झोपलेली, दिसली नाही की जागी. गाव त्यांना खुर्चीवालेच म्हणतं. आमच्या लग्नाच्या पंगतीत स्तामातने बाकाखाली वाकून पाहिलं तेव्हा माझी आई म्हणाली होती, "जावईबापू काय शोधताहेत, कोंबडी?"

त्या पंगतीत सगळ्यांत मोठ्याने हसला होता रांगेल.

हा रांगेल उंचीने दारात न मावणारा, पायांनी तर त्याहून मोठा. सूर एकही धड लागत नसे, आणि गायचा मात्र सगळ्या लग्नांत. भाजलेली मिरची सालीसकट खायचा. कुणाच्या घरी कुलूप अडलं, शिलाई मशीन रुसलं, की रांगेलला बोलवायचं. तो मला वहिनी म्हणायचा आणि घरात शिरताना न चुकता विचारायचा, "वहिनी, आज खीळ कुठे आहे? स्तामात झोपलेला आहे की जागा?" म्हणजे नवरा रागात आहे का.

प्रत्येक खुर्चीवाल्याची स्वतःची एक खीळ असायची, नाव कोरलेली. त्यांच्यातला कुणी मेला की त्याची खीळ कबरस्तानातल्या त्यांच्या स्मारकाच्या दगडाभोवतीच्या लोखंडी कठड्यावर अडकवायची. आता तू झोप, तुला कुणी उडवणार नाही, असा त्याचा अर्थ. आणि मृतांच्या शनिवारी सगळ्यांनी तिथे जमायचं. एकाने तोंडपाठ एकेक नाव घ्यायचं, बाकीच्यांनी "देव त्याला क्षमा करो" म्हणायचं, घोटभर राकिया, म्हणजे फळांची घरगुती दारू, मातीवर सांडायची आणि त्या माणसाच्या नावाची गव्हाची वाटी कुणाला तरी खाऊ घालायची. जो खातो त्यानेही तेच म्हणायचं. त्या शब्दांनी मेलेल्याचं पोट भरतं. हे माझ्या आजीने मला शिकवलं, आणि मी ते मानते.

मग गोस्पोदिन मेला.

तो यांच्यातलाच, दोन लेकरांचा बाप. हँगरात विमान उभं होतं आणि तो खुर्चीत बसून आतली धूळ पुसत होता. वरून तपासणी येणार होती. यांचा मुकादम कान्यो, ज्याला हे सगळे बापाच्या जागी मानायचे, त्याने घाईत खीळ काढून ठेवली होती आणि सांगायचं विसरला होता. गोस्पोदिनचा गुडघा कुठेतरी लागला. खुर्ची तिच्या कामाला चोख. पण वर आभाळ नव्हतं, छप्पर होतं.

कान्योने त्याच संध्याकाळी सगळ्यांना गोळा केलं. म्हणाला, "पोरांनो, गोस्पोदिनचं आता काही वाईट व्हायचं राहिलेलं नाही. खीळ त्यानेच काढली म्हणा. मेलेल्याला तुरुंग नाही." राजधानीतून, सोफियाहून, साहेब आले. एकेकाला आत बोलावलं. एकेकाने तेच सांगितलं. माझ्या नवऱ्यानेही. रांगेल आत गेला आणि त्याने सांगितलं की खीळ कान्योच्या खिशात होती, लाल फीत खिशाबाहेर लोंबत होती.

पुढे मी एकदा त्याला विचारलं, "भाऊ, तुम्हालाच का सुचलं?"

"सुचलं नाही वहिनी. मी गोस्पोदिनला उचलत होतो, समोर कान्यो उभा, आणि ती फीत माझ्या डोळ्यांसमोर हलत होती. आता पाहिलं ते पाहिलं. पाहिलेलं परत कुठे ठेवू?"

कान्योला तुरुंग झाला. दुसऱ्या हिवाळ्यात तो तिथेच मेला. गोस्पोदिनच्या बायकोला, तिचं नाव मित्रा, पेन्शन मिळालं, कारण चूक नवऱ्याची नव्हती असं कागदावर आलं. तिने ते घेतलं आणि रांगेल दिसला की रस्ता ओलांडू लागली. गावात राहायचं तर गावासारखं चालावं लागतं.

कान्योला पुरलं त्या दिवशी त्याची खीळ कठड्यावर अडकवली. मग डोब्रीने खिशातून आणखी एक खीळ काढली. डोब्री म्हणजे यांच्यातला थट्टेखोर, ज्याच्या थट्टेवर न हसण्याची हिंमत कुणाला नाही. खिळीवर रांगेलचं नाव होतं. हजेरीच्या पेटीतून त्याने ती उचलली होती. तीही त्याने कान्योच्या शेजारी अडकवली आणि म्हणाला, "एकाला खुर्चीने मारलं, एकाला रांगेलच्या जिभेने. मग जीभवालाही मेलाच समजा." स्तामातने टोपी काढली. कुणासाठी काढली, ते आजपर्यंत सांगितलेलं नाही.

त्यानंतरच्या मृतांच्या शनिवारी मी गहू घेऊन गेले होते. नावं झाली. गोस्पोदिन, देव त्याला क्षमा करो. कान्यो, देव त्याला क्षमा करो. आणि मग, "रांगेल." तो तिथेच उभा होता, कुंपणाला हात लावून, स्वच्छ सदरा घालून.

"अरे, मी आहे इथे!" तो हसतच म्हणाला. त्याला ती थट्टा वाटली.

डोब्री इकडेतिकडे पाहून म्हणाला, "वारा सुटलाय, नाही?"

"देव त्याला क्षमा करो," सगळे म्हणाले, आणि त्याच्या बुटांपासून हातभर अंतरावर राकिया सांडली.

मग दर वर्षी तेच. कान्योनंतर नावं घेण्याचं काम स्तामातकडे आलं, त्याला पाठांतर चांगलं म्हणून. म्हणजे जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांत घेणारा माझ्याच घरातून निघायचा, माझ्याच हातचा गहू घेऊन. मी एकदा म्हटलं, "देवाच्या दारात हे पाप आहे." तो म्हणाला, "देवाला कान्योचं काय झालं ते विचार आधी."

रांगेलची बायको तिच्या बहिणीकडे समुद्रकाठी निघून गेली. विमानतळ बंद पडला, धावपट्टीवर लोक मिरच्या वाळत घालू लागले. रांगेल कुलपं दुरुस्त करायचा, कात्र्यांना धार लावायचा. गिऱ्हाईक वस्तू उंबऱ्यावर ठेवून जायचं आणि उंबऱ्यावरूनच न्यायचं. खानावळीत गेला तर त्याच्या पुढ्यात डोब्री मेणबत्ती आणून लावायचा. "मयताला उजेड हवा," म्हणायचा, आणि सगळी खानावळ हसायची. खरं सांगायचं तर थट्टा जमलेली होती. माझ्याही तोंडावर हसू येऊन गेलं होतं.

आणि तरी तो दर वर्षी मृतांच्या शनिवारी कुंपणाशी यायचा. दाढी करून, सदऱ्याला इस्त्री करून. काही वर्षांनी माझ्या लक्षात आलं की स्वतःचं नाव आलं की तोही सगळ्यांबरोबर "देव त्याला क्षमा करो" म्हणतो. वर्षाकाठी एकदा त्या माणसांच्या तोंडून त्याचं नाव निघायचं. आणखी कुठेच निघत नव्हतं. डोब्रीने ती शिक्षा म्हणून दिली होती, हा ती प्रसादासारखी घेत होता.

उन्हाळ्यात तो आजारी पडला. मी सूप घेऊन जायची, मागच्या दाराने. त्याचं पोट फुगलेलं, चेहरा जुन्या साबणासारखा. पण डोळे थट्टेखोर.

"वहिनी, लोक मरताना किती तळमळतात. कोण नाव घेईल, कोण वाटी देईल. माझी सोय बघा! मी मरायच्या आधीपासूनच चालू आहे."

"भाऊ, असं बोलू नका."

"खरंच सांगतो. बायको नाही, पोर नाही. पण स्तामातला माझं नाव पाठ आहे. गोस्पोदिन, कान्यो, रांगेल. चुकायचा नाही तो. खीळही टांगलेली आहे. मला फक्त आडवं व्हायचंय." मग त्याने विचारलं, "घेईल ना?"

मी म्हटलं, "घेईल." माझा विश्वास होता. जी गोष्ट माणूस द्वेषाने इतकी वर्षं करत आला ती तो सवयीने तरी करेल, असं मला वाटलं.

पीचचा हंगाम संपता संपता तो गेला. शवपेटी नगरपालिकेच्या माणसांनी वाहिली. खुर्चीवाल्यांपैकी एकही आला नाही. त्याच्या मृत्यूचं पत्रक मी फोटोसकट बसथांब्यावर चिकटवलं. आठवड्याच्या आत त्यावर जळाऊ लाकडाची जाहिरात आली, अशी बरोबर लावलेली की फोटोतली फक्त टोपी दिसत होती.

आणि आता हा शुक्रवार, आणि एक वाटी कमी.

मी गव्हात हात तसाच ठेवून म्हटलं, "तो जिवंत होता तेव्हा वाटी होती. आता खरोखर मेला तर नाही?"

"म्हणूनच नाही," स्तामात म्हणाला. "समजून घे. जिवंतपणी मेलेल्यात घातला, ती त्याची शिक्षा होती. आता मेल्यावर नाव घेतलं तर शिक्षा कुठे राहिली? मग तो गोस्पोदिनच्या बरोबरीचा झाला. कान्योच्या बरोबरीचा झाला. आम्ही सगळ्यांनी बसून ठरवलं."

"सगळ्यांनी की डोब्रीने?"

"सगळ्यांनी."

"तू फीत पाहिली होतीस का, स्तामात? कान्योच्या खिशातली?"

तो उठला. दारापर्यंत गेला. "सगळ्यांनी पाहिली होती," म्हणाला. "म्हणून तर." आणि लाकडं फोडायला गेला.

मी वाटी कमी केली नाही. गहू सुकवला, अक्रोड कुटले, साखर घातली, आणि सगळ्यांच्या वाट्यांबरोबर रांगेलची वाटी भरली. तिच्यावर अक्रोडाच्या तुकड्याने खूण केली. देवमातेपुढे दिवा लावून एवढंच मागितलं की सकाळी स्तामातची जीभ सवयीने घसरू दे.

शनिवारी थंडी होती. सगळे दगडापाशी उभे राहिले, म्हातारे, खोकणारे, टोप्या हातात. स्तामातने सुरुवात केली. त्याचा आवाज अजून खणखणीत आहे. मागची जुनी नावं झाली. "गोस्पोदिन." देव त्याला क्षमा करो. "कान्यो." देव त्याला क्षमा करो. मग तो थांबला. त्याचे ओठ पुढच्या नावासाठी उघडले होते, मी पाहिलं, मी समोरच होते. इतक्या वर्षांची सवय तोंडात आली होती. त्याने ती गिळली आणि पुढचं नाव घेतलं.

डोब्री कठड्याकडे गेला. रांगेलची खीळ गंजून कठड्याला चिकटली होती, निघेना. त्याने बुटाने दोन लाथा घातल्या. ती निघाली. फीत कधीच विटून राखाडी झाली होती. त्याने खीळ कुंपणापलीकडे काटेरी झुडपांत भिरकावली, रांगेल उभा राहायचा त्या बाजूला.

"वारा पडला," डोब्री म्हणाला. दोघेतिघे हसले.

मी माझी परडी घेऊन पुढे झाले. वाट्या दिल्या. शेवटी रांगेलची उरली. मी ती गोस्पोदिनच्या बायकोपुढे, मित्रापुढे, धरली. म्हटलं, "मित्रा, तू तरी. तुझी लेकरं त्याच्या शब्दावर वाढली." तिने हात शालीत लपवले. "माझं पोट भरलंय, नेदा," म्हणाली.

डोब्रीने मधूनच वाटी माझ्या हातून घेतली. मला क्षणभर वाटलं, देवाने ऐकलं. त्याने चमचा भरला, खाल्ला, पुन्हा भरला. सगळे बघत होते. मी वाट पाहत होते. वाटी रिकामी होईपर्यंत तो चवीने खात राहिला, चमचा चाटला आणि म्हणाला, "वहिनी, यंदा अक्रोड जास्त पडलेत. छान झालंय." आणि रिकामी वाटी माझ्या परडीत ठेवली. ते चार शब्द त्याने उच्चारले नाहीत. खाल्लेलं अन्न त्याच्याच पोटात राहिलं, दुसऱ्या कुणाच्या नाही.

परत येताना मी एकटीच कबरस्तानाच्या खालच्या टोकाला गेले. तिथे रांगेलचा लाकडी क्रूस आहे. पाद्रीबाबांनी सकाळी चर्चमध्ये त्याचं नाव घेतलं होतं, मीच दिलं होतं, गावभरच्या नावांत एक, एका श्वासात पाच. ते लागू पडतं, मला शंका नाही. पण त्याने ते मागितलं नव्हतं.

पावसाने कबरीवरची माती खचली आहे, मधोमध खळगा पडलाय, आणि क्रूस एका बाजूला कलला आहे. जमीन गोठायच्या आत तो खळगा भरायला हवा. झुडपांत खीळ शोधली. हात रक्ताळले, मिळाली नाही.

आमचं फावडं घरी नाही. स्तामातने ते बटाटे काढायला डोब्रीला दिलंय. चादर झटकून झाली की डोब्रीकडे जायचं आहे, फावडं आणायला.